मृत्यूंचा नकाशा रंगवण्याआधी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात २५४ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टन शहराच्या हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर माणसं मोजली गेली, तर लव्हिंग काउंटीत अवघी ६४. इथे मृतांचे नुसते आकडे शेजारी ठेवले, तर दिसते ती फक्त लोकसंख्या. म्हणून लाख लोकांमागचा दर काढतात. पण लव्हिंगमध्ये वर्षात एक माणूस गेला की दर होतो १,५६२, आणि कोणीच गेलं नाही तर शून्य! या दरानुसार रंगवलेल्या नकाशावरचे सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट ठिपके बहुतेक वेळा अशा विरळ वस्तीच्या काउंट्यांचेच असतात. तिथल्या हवापाण्यात कारण शोधण्याआधी मृत्यूसंख्येचं वर्गमूळ काढून पाहावं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडा पाव हिश्श्याने वरखाली होऊ शकतो. ४०० मृत्यू असतील तर हीच हालचाल ५ टक्क्यांवर येते.

सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्यसंस्था २० पेक्षा कमी मृत्यूंवरून काढलेला दर विश्वासार्ह मानत नाही. १ ते ९ हे आकडे तर माणूस ओळखू येऊ नये म्हणून झाकलेलेच असतात. त्या जागी शून्य धरू नये. पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करावेत, पण भागताना लोकसंख्याही पाचही वर्षांची मिळवावी. ती एकाच वर्षाची घेतली, तर दर पाचपट फुगतो.

खरी गफलत वयाची. फ्लोरिडाच्या समटर काउंटीत निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. निम्म्याहून जास्त रहिवासी पासष्टीपुढचे. समजा, दोन काउंट्यांत लाखामागे तरुणांचे ३०० आणि वृद्धांचे ४,००० मृत्यू होतात, अगदी सारखे. एकीत वृद्ध १० टक्के, दुसरीत ५५. एकूण दर येतो ६७० आणि २,३३५. आरोग्य तेच, दर साडेतीनपट! म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून त्याला सगळीकडे एकच धरलेल्या प्रमाण (मानक) लोकसंख्येतल्या त्या गटाच्या हिश्श्याने गुणतात आणि बेरीज करतात. अमेरिकेत त्यासाठी २००० सालची लोकसंख्या धरतात.

शिवाय तिथे मृत्यू मोजला जातो तो मृताच्या राहत्या काउंटीत, मग तो कुठल्याही इस्पितळात होवो. आपल्याकडे नोंद मृत्यू घडला त्या जागी होते. त्यामुळे मुंबईच्या आकड्यांत बाहेरगावाहून उपचारांना आलेलेही असतात.