ताप जातो आणि परत येतो

संध्याकाळी अंग कसकसतं, रात्री घाम फुटतो. चार दिवस अँटिबायोटिक घेतलं की बरं वाटतं आणि आठवड्याभरात ताप पुन्हा हजर. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, वजन मात्र उतरत चाललंय. अशा वेळी हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालाय का, ही शंका मनात यायला हवी.

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. शंभरातल्या एका-दोघांना ती जन्मतःच दोन पाकळ्यांची असते आणि कित्येकांना चाळिशीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. तिथून जाणारं रक्त खळाळतं, झडपेचं अस्तर खरवडलं जातं, त्यावर बारीकशी गुठळी धरते. हिरड्यांमधून रक्तात शिरलेले जंतू नेमके तिथे ठाण मांडतात.

'हृदयाला भोक' म्हटलं की सगळी भोकं सारखीच वाटतात. तसं नाही. खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक जितकं लहान, तितका बहुधा आवाज मोठा. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की धार कशी सणसणते, तसं. इथे संसर्गाचा धोका असतो. वरच्या कप्प्यांमधल्या भोकातून रक्त हलक्या दाबाने वाहतं, म्हणून एरवी तिथे संसर्ग क्वचितच होतो.

निदानाची खरी किल्ली ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखणं. वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून किमान तीनदा रक्त घ्यायचं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. या आजारात जंतू रक्तात सतत असतात, त्यामुळे ताप चढायची वाट पाहावी लागत नाही. पण आपल्याकडे पेशंट पोचतो तोच दोन-तीन अँटिबायोटिकं पोटात घेऊन. मग बाटलीत काही उगवत नाही आणि चार ते सहा आठवडे शिरेतून नेमकं कोणतं औषध द्यायचं, ते अंदाजाने ठरवावं लागतं.

१८८५ मध्ये कॅनडाचे डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी लंडनच्या व्याख्यानांत या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा ना इको (हृदयाची सोनोग्राफी) होता ना एक्स-रे. आज निदानासाठी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडलेले आणि २०२३ मध्ये सुधारलेले निकष वापरतात. त्यांत कल्चर आणि इकोला सर्वाधिक वजन आहे. नखाखालच्या रक्ताच्या बारीक रेषा किंवा बोटांवरच्या दुखऱ्या गाठी या जोडीच्या खुणा.

छातीवरून केलेल्या इकोत नीट दिसलं नाही, तर अन्ननलिकेत नळी घालून बघतात, कारण अन्ननलिका हृदयाला मागून अगदी खेटून असते. त्यातही काही सापडलं नाही आणि संशय फिटला नाही, तर पाच-सात दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करतात. तेवढ्या दिवसांत झडपेवरचा जंतूंचा गोळा कधी कधी दिसण्याइतका वाढलेला असतो.