धरणाचा विसर्ग आणि सॅमनच्या पिल्लांचे अडकणे : हॅनफर्ड रीच

धरणातून सोडलेले पाणी झपाट्याने कमी केले की नदीची कड मागे सरते आणि काठालगत वाढणारी माशांची पिल्ले मागेच राहतात. अडकण्याचे दोन प्रकार मानतात. उघड्या पडलेल्या गोट्यांमध्ये राहिलेले पिल्लू लवकरच मरते. खळग्यात डबके उरले तर पिल्ले काही काळ तग धरतात. पण डबके झिरपून आटते की उन्हाने तापते, की आधी बगळ्यांच्या नजरेला पडते, यावर त्यांचे भवितव्य ठरते. कोणत्या विसर्गाला, किती घट केल्यास किती पिल्ले अडकतील, याचा अंदाज गणिती प्रतिमानांनी बांधता येतो.

या अभ्यासाचे प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया नदीचा हॅनफर्ड रीच हा टप्पा. प्रीस्ट रॅपिड्स धरणाखाली सुमारे ८२ किमी. नदी येथे मोकळी वाहते. १९४३ पासून काठावर अणुप्रकल्पाची राखीव जमीन होती, आणि येथे योजलेले बेन फ्रँकलिन धरणही झाले नाही. प्लुटोनियम बनवणाऱ्या आवाराच्या आडोशाला चिनूक सॅमनचे मोठे नैसर्गिक वीणक्षेत्र टिकले, हा योगायोग विलक्षणच. मात्र वरच्या अंगाला ग्रँड कूलीपासून प्रीस्ट रॅपिड्सपर्यंत सात धरणे आहेत. कोयनेप्रमाणेच तेथेही विजेची मागणी वाढली की जनित्रे चालवतात आणि उतरली की पाणी आवरतात. त्यामुळे खाली पातळी दिवसभर चढ-उतार करते.

शरद ऋतूत घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले वसंतात खडीबाहेर येतात. जेमतेम चार सेंटीमीटरचे हे पिल्लू मुख्य धारेत टिकत नाही. ते घोटाभर, गुडघाभर पाण्यात कडेला राहते. धोका नेमका तेथेच असतो. २ टक्के उताराच्या काठावर पातळी ३० सेंमी. उतरली तर पाण्याची कड १५ मीटर मागे जाते. २० टक्के उतारावर दीडच मीटर. म्हणून प्रतिमानाचा पाया म्हणजे तळाचा बारीक नकाशा. हॅनफर्डमध्ये तो विमानातून लेसर किरणांनी मोजून तयार केला गेला.

धरणापासून खाली जाताना पाण्याची लाट बसत जाते, त्यामुळे तासागणिक पातळी प्रत्येक ठिकाणी वेगळी काढावी लागते. हे काम नदीच्या लांबीचाच विचार करणारे एकमितीय प्रतिमान करते. त्यावर बेतलेले द्विमितीय प्रतिमान जागोजागची खोली आणि वेग देते. त्यातून किती काठ उघडा पडला, कोणती डबकी तुटली आणि पाणी परत चढेपर्यंत ती किती वेळ तुटलेली राहिली, हे कळते. वेळेला फार महत्त्व आहे : डबक्याचे पाणी सुमारे २५° से.ला पोचण्याआधी नदी परतली तर त्यातली पिल्ले सुटू शकतात.

पाण्याचा हिशेब जमतो. खरी अडचण माशांची असते. पाहणीसाठी निवडलेल्या बहुतेक तुकड्यांत एकही पिल्लू सापडत नाही आणि एखाद्या डबक्यात ढीगभर निघतात. अशा आकड्यांची सरासरी काढून ती उघड्या पडलेल्या क्षेत्राने गुणली की उत्तर मिळते खरे, पण त्याची चूकमर्यादा रुंद असते. एकूण मृत्यूंच्या आकड्यापेक्षा दोन संचालन-पद्धतींची तुलना अधिक भरवशाची मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९८८ च्या व्हर्निटा बार (प्रीस्ट रॅपिड्सखालचा खडीचा पट्टा) करारात घरट्यांतील अंडी कोरडी पडू नयेत यावर भर होता. क्षेत्रीय पाहण्यांनंतर २००४ च्या करारात पिल्लांसाठीही दैनंदिन चढ-उतारावर मर्यादा आल्या. विसर्ग जितका कमी, तितकी चढ-उताराची मुभाही कमी. प्रीस्ट रॅपिड्सचा किमान विसर्ग ३६,००० क्युसेक आहे. पिल्ले खडीबाहेर कधी येतील, याचा अंदाज पाण्याच्या रोजच्या तापमानाच्या बेरजेवरून बांधतात.

हॅनफर्डसाठी काढलेले हे आकडे दुसऱ्या नदीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. नॉर्वेत ट्राउट माशाच्या पिल्लांवरील प्रयोगांत पातळी ताशी १० सेंमी.पेक्षा हळू उतरवल्यावर अडकणे बरेच घटले. परंतु थंडीत ही पिल्ले दिवसा दगडांखाली दडून बसतात आणि पाणी उतरले तरी हलत नाहीत. म्हणून तेथे हिवाळ्यात घट रात्री करणे बरे ठरते.