किशोरवयीन मुलांचं वजन आणि व्यायामाची प्रेरणा

साधारण १० ते १९ वयाची मुलं खेळायला, पळायला का तयार होतात, का टाळतात आणि त्यात वजनाने काय फरक पडतो याचा अभ्यास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, पण २०१६ च्या आकड्यांनुसार जगातली ११ ते १७ वयाची जवळपास ८१ टक्के मुलं तेवढी करत नव्हती, म्हणजे हा प्रश्न नुसता जाड मुलांचा नाहीच.

वजनाचे गट पाडण्यावरच मतभेद आहेत. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्याचं सूत्र बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांचं, साधारण १८३२ चं, बीएमआय हे नाव मात्र १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक ॲन्सेल कीज यांनी रूढ केलं, आणि मुळात ते मोठ्यांसाठी. वाढत्या मुलांना वय आणि लिंग बघूनच मोजावं लागतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे जागतिक तक्ते २००७ चे, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे, आणि भारतीय तक्त्यात जास्त वजनाची रेघ प्रौढांच्या २३ बीएमआयला जुळवलेली, जागतिकमध्ये २५ च्या आसपास, त्यामुळे एकच पोरगा एका तक्त्यात नॉर्मल तर दुसऱ्यात जाड ठरू शकतो. आपल्याकडच्या मुलांना भारतीय तक्ता लावणंच बरं.

प्रेरणेची मांडणी बहुतेक जण डेसी आणि रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतावरून (माणूस स्वतःच्या हौसेने करतो की बाहेरच्या दबावाने, याची मांडणी) करतात. त्याची सुरुवात कोणी डेसींच्या १९७१ च्या प्रयोगापासून धरतात (कोडी सोडवायचे पैसे दिले की मुळातली हौस कमी होते), कोणी १९८५ च्या पुस्तकापासून. दुसरं जास्त पटतं, कारण पूर्ण मांडणी तिथे आहे. मजा वाटते म्हणून खेळणं एका टोकाला, घरचे बोलतात म्हणून किंवा लाज वाटते म्हणून पळणं दुसऱ्या बाजूला. जास्त वजनाच्या मुलांत ‘मला जमतं’ ही भावना बऱ्याचदा कमी सापडते. वजनामुळे हौस जाते की हौस नाही म्हणून वजन वाढतं, यावर वाद आहे, एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून ते कळत नाही, दोन्ही बाजूंनी होतं हेच मत सयुक्तिक वाटतं. चिडवण्याचा वाटा मात्र कमी धरू नये. पीटीच्या तासाला खो-खोच्या टीम पाडताना जो शेवटपर्यंत उभा राहतो आणि मग ‘ढोल्या, तू शिट्टी घे’ असं ऐकतो, तो पुढच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गातच बसतो.

सोलापुरात याच्या उलट चित्र लेझमीच्या सरावात दिसतं. गणपतीच्या आधी संध्याकाळी गल्लीत हलगी सुरू झाली की जाड, बारीक सगळे एका रांगेत, कोणाला निवडायचं नसतं, ठेका पकडला की झालं, तासभर घाम निघतो आणि व्यायाम म्हणून कोणी तो मोजतही नाही. सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा (मिरवणुकीत पेलायच्या उंच, जड काठ्या) सरावही तसाच, तिथे अंगाने दणकट पोराला उलट मान मिळतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खेळ पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर.

कमी वजनाच्या मुलांवर लिखाण थोडं. त्यांना ‘काडी पैलवान’ म्हणून चिडवतात, आणि अंगात ताकद नसेल तर आधी पोटभर जेवण बघावं लागतं, मग मैदान.