तपासणी अहवालात ओपनएसएसएच ‘जुने’ दिसते तेव्हा
(फ्रीबीएसडी सर्व्हरची देखभाल आमच्याकडे असलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सुरक्षा तपासणीनंतर अनेक ग्राहक आम्हाला एकच ओळ दाखवतात: ओपनएसएसएचची (सर्व्हरमध्ये दुरून सुरक्षितपणे लॉगइन करण्याच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती जुनी आहे, ती तातडीने बदलावी. असा शेरा पुष्कळदा केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून दिलेला असतो आणि त्या क्रमांकावरून दुरुस्ती झाली आहे की नाही, हे कळत नाही.

फ्रीबीएसडी ही संपूर्ण कार्यप्रणाली असली, तरी तिच्यातील सगळा कोड त्या प्रकल्पाने लिहिलेला नाही. ओपनएसएसएच ओपनबीएसडी प्रकल्पाकडून येते, कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) एलएलव्हीएम प्रकल्पाकडून येतो. या मूळ प्रकल्पांना अपस्ट्रीम म्हणतात. फ्रीबीएसडीच्या गिट भांडारात (कोड आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) अशा कोडसाठी वेगळ्या व्हेंडर ब्रँच, म्हणजे बाहेरून आलेल्या कोडच्या स्वतंत्र शाखा, असतात. तेथे अपस्ट्रीमची प्रत शक्यतो जशीच्या तशी ठेवतात, मग ती मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करतात (मिसळतात) आणि फ्रीबीएसडीचे स्वतःचे बदल मुख्य ब्रँचमध्येच करतात. त्यामुळे मूळ कोड कोणता आणि नंतर घातलेला कोणता, हे केव्हाही वेगळे काढता येते, आणि नवी आवृत्ती आणताना कोणते बदल पुन्हा बसवायचे हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

१ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधील एक गंभीर दोष (सीव्हीई-२०२४-६३८७; सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाला दिला जाणारा क्रमांक) जाहीर झाला आणि अपस्ट्रीमने त्याच दिवशी ९.८ ही दुरुस्त आवृत्ती काढली. फ्रीबीएसडी १४.१ मध्ये तेव्हा ९.७ होती. फ्रीबीएसडी प्रकल्पाने आधीच प्रसिद्ध झालेल्या १४.१ मध्ये ओपनएसएसएच ९.८ आणली नाही, तर ९.७ मध्येच तेवढी दुरुस्ती बसवली. ९.८ मध्ये दोषदुरुस्तीखेरीज इतरही बरेच काही बदलले होते: सर्व्हरचे काम दोन स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये विभागले गेले, डीएसए या जुन्या प्रकारच्या किल्ल्यांचा आधार मूळ बांधणीतून वगळला गेला आणि वारंवार फसलेल्या लॉगइनच्या पत्त्यांना आपोआप अडवणे सुरू झाले. चालू सर्व्हरवर हे सगळे एका रात्रीत आणण्यापेक्षा नेमकी दुरुस्ती करणे आम्हालाही योग्य वाटते. क्रमांक मात्र ९.७ च राहिला आणि तपासणीच्या साधनांना तो जुनाच दिसत राहिला.

स्थानिक बदलांची किंमतही त्याच वर्षी दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रीबीएसडीने सीव्हीई-२०२४-७५८९ जाहीर केला. त्याचे मूळ अपस्ट्रीमच्या कोडमध्ये नव्हते. ब्लॅकलिस्टडी ही, वारंवार फसलेल्या लॉगइनचे पत्ते अडवणारी सेवा ओपनएसएसएचला जोडण्यासाठी फ्रीबीएसडीने स्वतः घातलेल्या कोडमध्ये होते. सिग्नल (चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवून दिली जाणारी सूचना) हाताळताना जे काम करणे सुरक्षित नसते, तेच काम तो कोड करत होता. अशा भागाची जबाबदारी अपस्ट्रीमकडे जात नाही. तो घालणाऱ्यालाच प्रत्येक नव्या आयातीच्या वेळी तपासावा लागतो.

म्हणूनच आपल्या सर्व्हरवरील कार्यप्रणालीच्या मूळ कोडमध्ये आम्ही सहसा बदल करत नाही. सेटिंगमधून काम होत असेल, तर ते सेटिंगमधूनच करतो. एखादा पॅच (कोडमधील छोटा बदल) टाळता येत नसेल, तर तो कारणासह वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि सर्वांच्या उपयोगाचा असल्यास अपस्ट्रीमकडे पाठवतो, कारण तेथे स्वीकारला गेलेला पॅच आम्हाला पुन्हा पुन्हा बसवावा लागत नाही. त्यांनी तो नाकारला तर नाकारण्याचे कारण वाचण्यासारखे असते.

अहवालात असा शेरा आल्यास सर्व्हरवर ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ ही आज्ञा ‘यू’ पर्यायासह (freebsd-version -u) चालवून मिळणारी ओळ, अहवालातील सीव्हीई क्रमांकासह, आम्हाला पाठवावी. त्या ओळीच्या शेवटी ‘पी’पुढे येणारा अंक ही कार्यप्रणालीची पॅच पातळी असते, ओपनएसएसएचच्या आवृत्तीपुढे दिसणाऱ्या ‘पी१’शी तिचा संबंध नाही. ही पातळी फ्रीबीएसडीच्या सुरक्षा सूचनेशी पडताळून आम्ही तपासनिसांसाठी लेखी उत्तर देतो. पॅच बसवल्यानंतर एसएसएच सेवा पुन्हा सुरू केलेली नसेल, तर जुनाच प्रोग्रॅम स्मृतीत चालू राहतो; त्यामुळे सेवा शेवटची केव्हा सुरू झाली, ती वेळही सोबत कळवावी.