चाच्यांची पट्टी: डोळ्यांचं विज्ञान खरं, गोष्ट मात्र रचलेली

समुद्री चाचे एका डोळ्यावर पट्टी बांधायचे ती डोळा फुटला म्हणून नव्हे, तर भर उन्हातून जहाजाच्या अंधाऱ्या पोटात उतरल्यावर लगेच दिसावं म्हणून, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

यातलं विज्ञान बरोबर आहे. अंधारात बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण 2 मिलिमीटरची 8 झाली तरी आत येणारा उजेड जेमतेम 16 पट वाढतो. खरं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशींचं, म्हणजे मंद उजेडात दिसायला मदत करणाऱ्या पेशींचं. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रखर उजेडात विरतं आणि पूर्ण भरून यायला अर्धा तास तरी घेतं. दोन्ही डोळ्यांचा हिशेब मात्र स्वतंत्र! करून बघा: रात्री दिव्याखाली बसून एक डोळा दहा-पंधरा मिनिटं हातानं नीट झाकून ठेवा, मग दिवा घालवा. उघड्या डोळ्यापुढे नुसता काळोख; झाकलेल्याला कपाटाची कडसुद्धा दिसेल.

‘मिथबस्टर्स’ या टीव्ही मालिकेनं 2007 मध्ये हे तपासून ‘शक्य’ असा शेरा दिला, आणि फॉरवर्डवाल्यांना तेवढंच पुरलं. पण शक्य असणं वेगळं, घडलेलं असणं वेगळं. चाचे यासाठी पट्टी बांधत, असं सांगणारी त्या काळातली नोंद इतिहासकारांना सापडलेली नाही. पट्टीवाला म्हणून ज्याचं नाव हमखास घेतात तो आखातातला रहमा बिन जाबिर (मृत्यू 1826). त्याचा डोळा लढाईत गेला होता. शिवाय एका डोळ्यानं जवळच्या अंतराचा अंदाज चुकतो, आणि चाच्याला तर दोरखंडांवर चढायचं, तलवार चालवायची.