पौर्णिमेचा पेशंट

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात ल्युपिन नावाचे एक मास्तर येतात. ठिगळं लावलेला झगा, ओढलेला चेहरा, शिकवणं मात्र झकास. लहानपणी त्यांना नरलांडगा चावला, तेव्हापासून दर पौर्णिमेला तेही लांडगा होतात. त्यावर एक कडू काढा आहे. तो वेळच्या वेळी घेतला तर अंग लांडग्याचं झालं तरी डोकं माणसाचं राहतं. एका रात्री गडबडीत काढा घ्यायचा राहतो आणि शिकवलेल्या मुलांच्याच जिवावर बेततं. दुसऱ्या दिवशी मास्तर सामान बांधतात. पालक आता आपल्याला ठेवून घेणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं पटतं, असं तेच सांगतात.

ल्युपिनचा विकार हे एचआयव्ही-एड्ससारख्या, कलंक चिकटलेल्या आजारांचं रूपक आहे, असं लेखिका जे. के. रोलिंग यांनी २०१६ मध्ये लिहिलं. हेतू चांगलाच होता, आणि ल्युपिन माझाही लाडका. पण हे रूपक एचआयव्हीच्या विज्ञानाशेजारी ठेवून बघा.

काढ्यापासूनच सुरुवात करू. आपल्याकडच्या सरकारी एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रांत २००४ पासून एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. नियमित घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. एखाद्या रात्री गोळी चुकली म्हणून कुणी पहाटेपर्यंत धोकादायक होत नाही. औषध पूर्ण थांबलं तरी विषाणूची संख्या पुन्हा चढायला बहुधा काही आठवडे जातात. अर्थात गोळ्या चुकवू नयेतच, पण त्या न चुकवण्यात पहिला फायदा पेशंटचा स्वतःचा असतो.

युरोपातल्या १४ देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ७८२ समलिंगी पुरुष जोडपी, प्रत्येकात एक जण एचआयव्हीबाधित आणि औषधावर. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. अभ्यासादरम्यान १५ जोडीदारांना नव्याने लागण झालीही. मग दोघांच्या विषाणूंची जनुकीय जुळवणी केली, तर एकाही बाबतीत विषाणू घरच्या जोडीदाराचा निघाला नाही. घरातून लागण शून्य! हे झालं शरीरसंबंधांचं. शाळेत बाकावर शेजारी बसून, डबा वाटून खाऊन हा विषाणू औषधांच्या आधीच्या काळातही पसरत नव्हता.

आणि चावा? एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. पुढच्या भागांत तर मुद्दाम लहान मुलांना चावत फिरणारा एक नरलांडगाही येतो. तो वाचताना मला थिएटरच्या खुर्चीत खोचलेल्या सुईची ती अफवा आठवली. सूड म्हणून मुद्दाम रोग पसरवणारा एड्सचा रोगी: आपल्याकडे कॉलेजाकॉलेजांत ऐकलेली गोष्ट, आणि तीच इथे कथेत खरी होऊन बसते.

माझी अडचण नेमकी इथे आहे. रूपकात भीती रास्त ठरते, आणि मग कथा म्हणते, तरीही जरा समजून घ्या. म्हणजे माणुसकी हा उपकार झाला. खरा अन्याय वेगळाच असतो, तिथे मुळात भीतीच निराधार असते. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीबाधित मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू द्यायला पालकांनी विरोध केला होता. ल्युपिनच्या शाळेतल्या पालकांकडे तक्रारीला कारण होतं, हासेगावातल्या पालकांकडे नव्हतं. दोघांना एका मापात बसवलं की नुकसान त्या मुलांचं.

१९६३ मध्ये कॉमिक्समध्ये अवतरलेल्या एक्स-मेनचं (जन्मतःच अचाट शक्ती असलेली माणसं, त्यातल्या एकाच्या तर डोळ्यांतून विध्वंसक किरण निघतात) नातं अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याशी जोडलं जातं, तिथेही हाच घोळ. कृष्णवर्णीयांच्या डोळ्यांतून भिंती फोडणारे किरण निघत नव्हते हो. तसले डोळे घेऊन कुणी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हरकत घेणाऱ्यांत माझाही हात वर असेल.

हे उलट्या दिशेनेही घडतं. कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड डॉल्फिन यांनी १९८५ मध्ये एक कल्पना मांडली: दंतकथांतली रक्तपिपासू पिशाच्चं म्हणजे पॉर्फिरियाचे रुग्ण असावेत. या दुर्मीळ आजारांत ‘हीम’, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू, तयार होण्याची साखळी मध्येच अडकते. काही प्रकारांत अर्धवट रेणू त्वचेत साठतात, ऊन पडलं की पेटल्यासारखे वागतात आणि कातडीवर फोड येतात. हीमची कमतरता भागवायला हे लोक रक्त पीत असावेत, असा तर्क. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

तर्क लंगडा होता. प्यायलेल्या रक्तातलं हीम पचनात मोडून जातं, म्हणूनच औषध म्हणून हीम द्यायचं तर शिरेतून द्यावं लागतं. पूर्व युरोपातल्या लोककथांतलं पिशाच्च फिकट, उन्हाला भिणारं नव्हतंच. ते फुगलेलं, लालबुंद प्रेत होतं. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युलाही दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पना रुजली ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून. पॉर्फिरियाच्या रुग्णांच्या अंगावरचे फोड मात्र सिनेमातले नव्हते, आणि आता उन्हाबरोबर लोकांच्या नजराही चुकवायची वेळ त्यांच्यावर आली.