जनता पक्षाचे केंद्र शासन (१९७७–७९)

स्वतंत्र भारताच्या केंद्रातील पहिले बिगर-काँग्रेसी शासन (२४ मार्च १९७७–१५ जुलै १९७९). आणीबाणीच्या अखेरीस, मार्च १९७७ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीतून ते सत्तेवर आले. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. त्यानंतरचे चरणसिंग मंत्रिमंडळ काही अभ्यासक याच कालखंडात धरतात. येथे ते वेगळे मानले आहे.

पक्षाची स्थापना नेमकी केव्हा झाली, याबाबत एकवाक्यता नाही. संघटना काँग्रेस, भारतीय जनसंघ, भारतीय लोकदल व समाजवादी पक्ष यांनी २३ जानेवारी १९७७ रोजी एकत्र लढण्याची घोषणा केली आणि बहुधा हीच तारीख दिली जाते. घटक पक्षांचे रीतसर विलीनीकरण मात्र १ मे १९७७ रोजी झाले. जगजीवनराम यांची काँग्रेस फॉर डेमॉक्रसी त्यानंतर सामील झाली. निवडणूक आयोगाच्या दप्तरी १९७७ चा विजय जनता पक्षाच्या नावावर नाही. उमेदवार लोकदलाच्या ‘चक्रातील हलधर’ या चिन्हावर लढले, म्हणून २९५ जागा लोकदलाकडे मांडल्या आहेत. तमिळनाडूतील ३ जागा संघटना काँग्रेसच्या. एकूण आकडा कुठे २९५, तर कुठे २९८ दिसतो तो बहुधा त्यामुळे. १ मे ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. ती धरली, तर मंत्रिमंडळाचा शपथविधी आधी आणि पक्ष नंतर, असा क्रम लागतो. पुढील अनेक पेच या क्रमातूनच उद्भवले.

पंतप्रधानपदासाठी मोरारजी, चरणसिंग व जगजीवनराम असे तिघे दावेदार होते. खासदारांचे मतदान न घेता जयप्रकाश नारायण व आचार्य कृपलानी यांनी कौल देऊन निवड केली. तेढ त्या वेळी टळली, मिटली नाही. जून १९७८ च्या अखेरीस चरणसिंग मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि जानेवारी १९७९ मध्ये उपपंतप्रधान म्हणून परतले.

या शासनाचे सर्वांत टिकाऊ काम घटनात्मक आहे, आणि त्याची दखल अजूनही पुरेशी घेतली जात नाही. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत असल्याने ४४ वी घटनादुरुस्ती (१९७८) विरोधकांशी तडजोड करूनच संमत करावी लागली. मूलभूत चौकट बदलण्यासाठी सार्वमत घेण्याची तरतूद राज्यसभेने गाळली. तरीही आणीबाणी जाहीर करण्याविषयीच्या अनुच्छेद ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनीच ही कलमे लिहून घेतली.

खातेनिहाय कामगिरी असमान होती. रेल्वेमंत्री मधू दंडवते (राजापूर) यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बाकांवर त्यांच्याच काळात दोन इंच जाडीचा फोम बसू लागला. रात्रभर फळीवर पाठ टेकून प्रवास करणाऱ्यांना राज्य बदलल्याचे तिथे कळले.

विघटनाचे कारण म्हणून सामान्यतः नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेकडे बोट दाखवले जाते. समाजवादी नेते मधू लिमये प्रभृतींनी लावून धरलेला दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न, म्हणजे पूर्वीच्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवावेत की नाही, हा अधिक मूलगामी म्हणावा लागेल. विलीनीकरणाचा अर्थच त्यात पणाला लागला होता. विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी जुलै १९७९ मध्ये अविश्वासाचा ठराव मांडला. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच ते बाहेर पडले. १५ जुलै रोजी मोरारजींनी राजीनामा दिला.

महाराष्ट्रात १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला ९९ जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरूनही सरकार फुटीनंतरच्या दोन्ही काँग्रेसचे (इंदिरा व रेड्डी) बनले. जुलैमध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दल या आघाडीतून तो सत्तेत आला. लोकसभेतील कौलाचा आधार घेऊन १९७७ मध्ये जनता शासनाने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या होत्या. त्याच आधारावर इंदिरा गांधींच्या सरकारने फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रासह नऊ विधानसभा बरखास्त केल्या.